डावा हात, खाली

दोन वर्षांपूर्वी, संक्रांतीच्या आधीच्या थंडीत, एका सकाळी माझ्या बायकोच्या हातातून चहाचा कप पडला. मी आधी कपाकडे पाहिलं. हे अगोदर सांगून टाकतो, कारण माझं पुढचं वागणंही त्याच जातीचं आहे. फरशीवर चहा पसरला होता, मला शाळेला उशीर होत होता आणि मी म्हणालो, "लक्ष कुठंय तुझं?" ती उत्तर द्यायला गेली तर तोंडातून नुसता 'च' आला. च, च, च. ओठाचा उजवा कोपरा खाली ओघळला होता. मग ती ओट्याला धरून हळूहळू खाली बसली, आपणच ठरवून बसावं तशी.

आमच्या बेलापूरच्या बाजूला याला 'अंगावरून वारं गेलं' म्हणतात. शेजारच्या बाई धावत आल्या. कुणी कांदा हुंगवा म्हणालं, कुणी अमक्या गावाला लकव्याचं तेल मिळतं म्हणालं. मी कुणाचं ऐकलं नाही. गाडी बोलावली आणि तिला थेट नगरला नेलं. तिथले डॉक्टर म्हणाले, "वेळेत आणलंत. पुष्कळसं परत येईल." त्या एका वाक्यावर पुढचे दोन महिने मी गावातून छाती काढून फिरत होतो. लोक विचारायचे, मी सांगायचो, वेळेत नेलं. जणू बरं होणं म्हणजे एसटी, वेळेत स्टँडवर पोचलं की झालं.

तिची उजवी बाजू गेली होती. म्हणजे कामाला उरला तो डावा हात. त्यात काय एवढं, असं ज्यांना वाटेल त्यांनी आमच्या घरी पंगतीला बसून पाहावं. डावा हात धुण्याचा. त्याने वाढत नाहीत, कुणाला काही देत नाहीत, प्रसाद घेत नाहीत. लेकीचं लग्न करून दिलं की 'लेक उजवली' म्हणतात. डाव्याच्या वाट्याला भाषेनेसुद्धा काही ठेवलेलं नाही. दवाखान्यातून घरी आली त्या दिवशी ती डाव्या हातात चमचा घेऊन भिंतीकडे तोंड करून बसली.

"अगं, इकडं तोंड कर की."

"नगं," ती म्हणाली. मग बराच वेळ शोधून पुढचा शब्द मिळाला. "लाज."

आणि मी कोण, तर सत्तावीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर. दुसरीच्या वर्गात दोन वर्षांआड एखादं डावखुरं पोर येतंच. मी त्याच्या बाकाजवळ जायचो, त्याचं मनगट धरायचो आणि म्हणायचो, "डावा हात, खाली." मारलं कधी नाही. आवाजही चढवला नाही. नुसतं मनगट आणि तेवढे तीन शब्द. महिन्याभरात पोर उजव्या हाताने लिहायला लागायचं. अक्षर वेडंवाकडं यायचं, काही पोरं अडखळत बोलायला लागायची, पण ते मला तेव्हा दिसत नव्हतं. केंद्रप्रमुख आले की मी कौतुकाने सांगायचो, हा डावरा होता, सुधारला.

श्रीरामपूरला फिजिओथेरपीच्या एक मॅडम होत्या, माझ्या मुलीहून चार-पाच वर्षांनीच मोठ्या. त्यांनी पहिल्याच दिवशी बायकोला सांगितलं, "मावशी, जेवण, वेणी, दार उघडणं, सगळं डाव्यानं करायचं, मस्त करायचं. आणि रोज तासभर उजव्याला शाळेत घालायचं." उजव्याची शाळा म्हणजे दोन वाट्या. एकीत हरभरे. उजव्या हाताच्या चिमटीत एकेक दाणा धरून दुसरीत टाकायचा. पहिले आठ दिवस दाणा हलतसुद्धा नव्हता. मग एक दिवस एक पडला. पडला म्हणजे वाटीबाहेर पडला, पण उचलला गेला होता. मुलगी ओरडत अंगणात आली होती. फेब्रुवारी संपेपर्यंत तासाभरात अर्धी वाटी व्हायला लागली. बोलणंही येत होतं, तुकड्यातुकड्यांनी. शेजारच्या बाईंना ती एकदा म्हणाली, "आता... भांडाया... पुरतं... येतं." बाई म्हणाल्या, "मंग घे की भांडून, मी काय पळती व्हय?"

त्याच दिवसांत मुलीचं जमलं. पाहुणे संगमनेरकडचे, घर चांगलं, मुलगा नोकरीला. मध्यस्थ मला बाजूला घेऊन म्हणाले, "गुरुजी, वहिनींचं लई सांगत बसू नका. लोकांच्या मनात येतं, आईला हाय तर उद्या पोरीला." मी पाहुण्यांना सांगितलं, बीपीचा थोडा त्रास झाला होता, आता ठीक आहे. आणि सुपारी फोडायच्या आदल्या दिवशी बायकोला समोर बसवून शिकवलं. पाहुण्या बायका आल्या की नुसती मान हलव. बोलू नको, शब्द अडकतो. हसू पण नको फार, तोंड एका बाजूला जातं. तिने सगळं ऐकलं आणि मान हलवली. मला वाटलं, समजलं तिला. मला तिची लाज वाटते, हे तिला खरंच समजलं होतं.

कार्यक्रम आमच्याच अंगणात होता. मांडव, सतरंज्या, खुर्च्या. सुपारी फुटली, पेढे वाटले आणि कुणीतरी बायकांतून म्हणालं, "अवो, पोरीची आई कुठंय? विहीनबाईला कुंकू लावा की." बायको उठली. कुणाचा आधार न घेता उठली. ताटातला करंडा चुलतजावेने तिच्यापुढे धरला. तिने डाव्या हाताची अनामिका कुंकवात बुडवली. बोट जरासुद्धा थरथरलं नाही. विहीणबाईंनी कपाळ पुढे केलं. बायको हसली, आणि तोंड एका बाजूला गेलं तरी हसत राहिली.

मी दोन पावलांवर उभा होतो. ते अंतर मी कधी कापलं ते मला आठवत नाही. आठवतं ते एवढंच की तिचं मनगट माझ्या मुठीत होतं आणि मी म्हणत होतो, "डावा हात, खाली."

आवाज चढवला नव्हता. वर्गातलाच आवाज होता तो. कुंकू तिच्या साडीवर सांडलं. तिने माझ्याकडे पाहिलं. राग नव्हता, रडू नव्हतं. दुसरीतल्या पोराचा जो चेहरा मी सत्तावीस वर्षं बघत आलो, तोच. मग तिने हात खाली घेतला. चुलतजावेने पटकन विहीणबाईंना कुंकू लावलं, कुणीतरी चहा आणा म्हणालं आणि कार्यक्रम पुढे गेला. पाहुणे गेल्यावर मी खुर्च्या मोजून परत पाठवल्या. मला वाटलं, झालं गेलं.

दुसऱ्या दिवशी मी वाट्या पुढे ठेवल्या. तिने हात पदराखालून काढलाच नाही. उजवाही नाही, डावाही नाही. चमचा दिला तर धरेना. शेवटी मुलीने भरवलं. आठ दिवस झाले, पंधरा झाले. बोलणं थांबलं. पाठ करून पडून राहायची. केस विंचरायला नको, उन्हात बसायला नको. नातलग म्हणाले, दुसरा झटका आला, डाव्या बाजूचा. मलाही तेच वाटलं. खरं सांगतो, तसं वाटून मला बरंच वाटलं. झटका आला म्हणजे माझा त्यात काही हात नव्हता.

नगरला पुन्हा नेलं, मेंदूचा फोटो काढला. डॉक्टरांनी फिल्म दिव्यासमोर धरली, जुनी तिच्याशेजारी लावली, बराच वेळ बघितली. ते म्हणाले, "नवीन काहीच नाही. मेंदू होता तसाच आहे. उलट सूज उतरलीय."

"मग हात?"

"हाताला काही झालेलं नाही."

मी त्यांना पुन्हा विचारलं. मास्तर माणूस, एक प्रश्न तीनदा विचारायची सवय. तिसऱ्यांदा त्यांनी फिल्म खाली ठेवली. "यात तुम्ही लाजायचं काही नाही," ते म्हणाले. "वारं गेलेल्या माणसांत हे पुष्कळदा होतं. मन खचतं. व्यायाम करावासा वाटत नाही, जगावंसं वाटत नाही. ते आजाराचंच अंग समजा. त्याला गोळी आहे. मानसोपचाराच्या डॉक्टरांना चिठ्ठी देतो. पण आधी सांगा, घरात काही झालं का?"

"नाही," मी म्हणालो.

एवढं साफ खोटं मी आयुष्यात दुसरं बोललेलो नाही. ती शेजारी खुर्चीत बसली होती. तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

ती चिठ्ठी मी खिशात ठेवली आणि घरी कपाटात टाकली. वेड्यांचा डॉक्टर, असं आमच्याकडे म्हणतात. लग्न ठरलेलं, पाहुण्यांच्या कानावर गेलं तर? मी स्वतःशीच म्हणालो, ती काय वेडी आहे? श्रीरामपूरच्या मॅडमचा फोन यायचा. "सर, मावशींना आणा. हे सुरुवातीचे महिने परत मिळत नाहीत. हात एकदा आखडला की मग अवघड." मी म्हणायचो, ऊन फार आहे, लग्नाची गडबड आहे, पुढच्या आठवड्यात आणतो. उजव्या हाताची बोटं हळूहळू आत वळायला लागली होती. ती झोपली की हात पदराबाहेर यायचा, तेव्हा मी ती रोज बघत होतो आणि बघत नव्हतो.

सुट्टीत मी लग्नाच्या कामांनी दिवसभर बाहेरच असायचो, मग जूनमध्ये शाळा सुरू झाली. एके दिवशी श्रीरामपूरला प्रशिक्षण होतं, ते ऐन वेळी रद्द झालं. मोटारसायकल वाटेत पंक्चर झाली, ती दुकानात टाकून मी गावच्या फाट्यावरून चालत घरी आलो. मागच्या दाराने आलो, सावली तिकडे होती म्हणून. आतून बोलण्याचा आवाज येत होता. आधी शेजारच्या बाई.

"बया, ही भाकर हाय का महाराष्ट्राचा नकाशा?"

मग एक हसणं. ते कुणाचं हे कळायला मला वेळ लागला. मी तीन महिने ते ऐकलं नव्हतं.

"तुजा... नवरा... खाईल. गुमान."

मी दाराच्या फटीतून पाहिलं. बायको परातीसमोर बसली होती. डाव्या हाताने भाकरी थापत होती. पीठ कोपरापर्यंत गेलेलं. उजवा हात, ती वळलेली मूठ, तिने परातीच्या कडेवर रेटून धरली होती, परात सरकू नये म्हणून. मुलगी तव्याजवळ होती. तिघीही एवढ्या निवांत होत्या की मला आधी वाटलं, मी चुकून दुसऱ्याच घरात आलो. माझ्या पायाखाली काहीतरी वाजलं.

बाईंनी मान वळवली. "गुरुजी आले," त्या म्हणाल्या. ओरडल्या नाहीत. पोरं वर्गात एकमेकांना सांगतात तसं, दबल्या आवाजात. आणि माझ्या देखत बायकोने परात पुढे सरकवली, हात पदराला पुसला आणि दोन्ही हात पदराखाली घेतले. चेहरा विझला. दिव्याचं बटण बंद करावं तसा.

मी अंगणात जाऊन बसलो. थोड्या वेळाने बाई बाहेर आल्या.

"गुरुजी, राग मानू नका. ती तुमच्याम्होरं हात काढीत न्हाई."

"कधीपासून?"

"कधीपासून म्हंजे? त्या दिवसापासून. सकाळी तुमी गेलं की उठती. जेवती, वेणी घालती. तुमच्या गाडीचा आवाज आला की ह्ये आसं." त्यांनी आपले दोन्ही हात पदराखाली घेऊन दाखवले. "आज गाडी वाजली न्हाई तुमची."

मी मुलीकडे पाहिलं. ती दारात उभी होती.

"तुला माहीत होतं?"

"सगळ्यांना माहीत होतं, पप्पा," ती म्हणाली. "तुम्हाला कोण सांगणार?"

मी त्या दिवशी दुपारभर तिथेच बसून होतो. तिला बरं व्हायला औषध हवं होतं, व्यायाम हवा होता, माणसं हवी होती. त्यातलं काही तिने माझ्या गैरहजेरीत थोडं थोडं जमवलं होतं. पण व्यायामाचा तास आम्ही दोघं करायचो. मॅडमकडे न्यायचो ते मी. कपाटातली चिठ्ठी माझ्याकडे. म्हणजे डावा हात तिने माझ्यापासून वाचवला होता आणि उजवा माझ्याकडे अडकून पडला होता. असं मी आज लिहू शकतो. त्या दिवशी जिभेवर एकही शब्द नव्हता. तिला रोज काय होत असेल ते मला तेव्हा थोडं कळलं.

संध्याकाळी मुलगी देवळात गेली तेव्हा मी आत गेलो. ती खाटेवर बसली होती.

"चुकलं माझं," मी म्हणालो. पंचवीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदा.

ती भिंतीकडे बघत होती. मी थांबलो. तिला शब्द जुळवायला वेळ लागतो, तेवढा देणं मला पूर्वी जमत नव्हतं, मीच वाक्य पुरं करून टाकायचो. त्या दिवशी केलं नाही.

"चार... मानसांत," ती म्हणाली. "पोरगी... बगत हुती."

"हो."

"मला... वाटलं... मारता."

मी आयुष्यात तिच्यावर हात उचललेला नाही. मी तसं म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. ज्याचं मनगट दुसऱ्याच्या मुठीत आहे त्याला कसं कळणार, पुढे काय येणार आहे ते?

"उद्यापासून व्यायाम घेऊया का? मी वाट्या मांडतो."

तिने मान हलवली. नाही. "तुमी... भायेर... बसायचं," ती म्हणाली.

मग तसं ठरलं. दुसऱ्या दिवशी मी चिठ्ठी घेऊन तिला त्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनीही मला बाहेर बसवलं आणि तिच्याशी तासभर बोलले, म्हणजे तासभर थांबले असणार. गोळ्या सुरू झाल्या. रोज संध्याकाळी सहा वाजता मी वाट्या मांडायचो, हरभरे मोजून नाही, मूठभर टाकायचो आणि घराबाहेर पडायचो. पाटाच्या कडेला जाऊन बसायचो. येणारे-जाणारे विचारायचे, "गुरुजी, घरी काय काम न्हाई व्हय?" मी म्हणायचो, "हेच काम आहे." त्यांना ती चेष्टा वाटायची.

मॅडमनी हात हातात घेऊन पाहिला. बोटं सरळ करायला गेल्या तर बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं. "मार्चमध्ये अर्धी वाटी उचलत होता हा हात," त्या म्हणाल्या. माझ्याकडे बघून म्हणाल्या नाहीत, पण खोलीत दुसरं कोण होतं? खूप प्रयत्न झाले. मूठ थोडी सैल झाली. चिमूट परत आली नाही. ती आता येणार नाही, हे मला माहीत आहे, तिलाही माहीत आहे.

लग्नाच्या आधी विहीणबाई एकदा साड्या दाखवायला आल्या. बायकोशी पाऊण तास बोलत बसल्या, तिचा एक शब्द येईपर्यंत मजेत सुपारी कातरत. जाताना मला अंगणात म्हणाल्या, "व्याही, त्या दिवशी मी कपाळ पुढं केलं हुतं. माझ्या सासूला वारं गेलं हुतं, बारा वर्सं डाव्या हातानंच कुंकू लावलं तिनं मला. आमाला कशाचं काय? पन तुमी असा काय हात धरला, मीच भ्याले."

ज्यांच्यासाठी मी तो हात धरला, त्यांना तो खुपलाच नव्हता. बीपी, मध्यस्थ, हसू नको, बोलू नको, यातलं काहीच लागत नव्हतं. मी त्यांना नमस्कार केला.

कन्यादानाला चुलतभाऊ आणि वहिनी बसतील असं मी आधी ठरवून टाकलेलं. बायकोने मुलीला सांगितलं, "मी... बसनार." बसली. भटजी म्हणाले, "वहिनी, उजवा हात यजमानांच्या हाताला लावा." तिने डावा लावला. भटजींनी माझ्याकडे पाहिलं. सगळा मांडव बघतोय असं मला वाटलं, कदाचित कुणीही बघत नसेल. मी म्हणालो, "पुढं चालू द्या." तिने हात काढून घेतला नाही. पाणी सोडून होईपर्यंत नाही.

लेक उजवली. घरात आता आम्ही दोघंच. ती बोलते, शेजारी जाते, कुणाच्या बारशाला गेली तर डाव्या हाताने ओटी भरून येते. माझ्याकडे बघून कधी कधी हसतेही. पण जेवायला माझ्यासमोर बसत नाही. मी 'बस' म्हटलेलं नाही. म्हणण्याचा हक्क मी घालवला आहे. रात्री ती माझं ताट वाढते, डाव्या हाताने, आणि आत जाते. मी भरभर जेवतो, ताट उचलून मोरीत ठेवतो आणि अंगणात येतो.

"झालं?" ती आतून विचारते.

"झालं," मी म्हणतो.

मग आत तिच्या ताटाचा आवाज होतो.